खांबांवरची भोकं

आमच्या वस्तीतल्या सात जणांनी एका आठवड्यात तालीम सोडली, ती माझ्या एका पत्रकामुळं. ही गोष्ट मी पुष्कळ दिवस मोठ्या तोऱ्यात सांगत असे. आता सांगताना अडखळतो, आणि का अडखळतो तेच इथं लिहायचं आहे.

मी पत्रकांवर वाढलो. माझे वडील अमरावतीच्या कापूस बाजारात हमाल होते. त्यांना अक्षरओळख नव्हती, पण कुठं सभा असली की ते जात आणि तिथं वाटलेली पत्रकं घडी करून बंडीच्या खिशातून घरी आणत. मी सात-आठ वर्षांचा असल्यापासून ती मोठ्यानं वाचून दाखवायचं काम माझं होतं. वाचताना आवाज पडला की बाबा म्हणत, "मास्तर, सभेत असं नाई बोलत. जोरानं वाच." त्यामुळं मला बाराखडीबरोबर आवेशही मिळाला. पुढं मी एका छापखान्यात खिळे जुळवायला लागलो आणि स्वतःची पत्रकं स्वतःच जुळवून छापू लागलो. मालक कागदाचे उरलेले तुकडे देत असे. त्यावर माझी क्रांती मावत असे.

अमरावती हे तालमींचं गाव. आमच्या वस्तीला जवळ पडणारी तालीम नाल्यापलीकडं होती. लाल मातीचा हौदा, कोनाड्यात शेंदूर लावलेला मारुती, आणि नियम असा की मातीत उतरण्याआधी मारुतीच्या पाया पडायचं आणि चिमूटभर माती कपाळाला लावायची. आम्ही लोकांनी बौद्ध धम्माची दीक्षा घेतली तेव्हा मी चौदा वर्षांचा होतो. त्यानंतर आमच्यातलं कोणी मारुतीपुढं वाकत नसे. पाच-सहा वर्षं ते तसंच निभलं. आम्ही कोनाड्याजवळ आलो की लंगोट आवळण्यात गुंतल्यासारखं करायचो आणि वस्ताद दुसरीकडं बघायचे. मग एका नागपंचमीला, सगळा आखाडा भरलेला असताना, वस्ताद सर्वांसमोर बोलले, "ज्याले मारुती नाई, त्याले माती नाई."

मी तिथून थेट छापखान्यात गेलो. दुपारपर्यंत पत्रक तयार होतं. त्यात मी लिहिलं होतं की घाम गाळण्यासाठी कोणापुढं वाकावं लागत असेल तर त्या घामाला गुलामीचा वास येतो, आणि आपण आपली तालीम उभी करू, जिथं सर्वांना जागा असेल आणि कोणापुढं कोणाची मान लवणार नाही. सात जण बाहेर पडले. माझ्या शब्दानं माणसं हलली, हे मी पहिल्यांदा पाहिलं.

त्या सातांत माझा एक जिवलग मित्र होता. सायकलच्या दुकानात पंक्चर काढायचा. अंगानं काटक, उंचीनं बेताचा. पोलीस भरतीत उंचीच्या पट्टीखालून तो कसाबसा पास झाला होता, पण छातीत एक इंचानं गेला. पुन्हा भरती हिवाळ्यात होती आणि त्याचं वय बघता ती त्याची शेवटची. घरी विधवा आई आणि दोन बहिणी. तो एक इंच मिळवण्यासाठी वर्षभर तो तालमीत दंड मारत होता. पत्रक वाचून तो माझ्याकडं आला.

"थे सारं बराबर हाये," तो म्हणाला. "पन माह्या इंचाचं काय?"

"एक इंच काय, दोन इंच करू," मी म्हणालो. "आपल्या अंगणात तालीम उभी करतो मी."

"किती दिवसात?"

"तू हो म्हण फक्त."

तो हो म्हणाला. त्याच्या त्या हो म्हणण्यावर मी किती निश्चिंत झोपलो, ते आठवलं की मला स्वतःचा राग येतो.

आता तालीम म्हणजे काय काय घ्यायचं यावर आमची खलबतं सुरू झाली. आमच्या घरामागं कडुनिंबाखाली थोडी जागा होती. एका कोपऱ्यात मायची न्हाणी, दुसऱ्या कोपऱ्यात गोवऱ्या. मधलं जे उरलं ते आमचं. पोरं म्हणाली, एक मलखांब पुरू, मुद्गलांची जोडी करू, गदा करू. मी गदेला साफ नाही म्हटलं, कारण गदा मारुतीची. मलखांबाची पूजा होते, म्हणून तोही नको. मुद्गलांना दसऱ्याला शेंदूर लागतो, ते बाद.

"मंग काय हवेत हात फिरवाचे काय?" एकानं विचारलं.

"लोखंड," मी म्हणालो. "लोखंडाला जात नाही."

बाबा खाटेवर बसून तंबाखू मळत होते. ते हसले. "जात नाई बाप्पा, पन वजन हाये नं त्याले."

बाबांना हे सगळं प्रकरणच अजब वाटत होतं. "दिवसभर बोरे उचलून आमचं कंबरडं गेलं," ते मायला म्हणत, "अन् हे पोट्टे उचललेलं परत तिथीच ठेवाले लोखंड इकत आनून राह्यले." मला त्याचा तेव्हा राग येई. श्रमानं मोडलेलं शरीर आणि व्यायामानं घडवलेलं शरीर यांतल्या फरकावर मी त्यांना एक लांब व्याख्यान दिलं. त्यांनी ते शांतपणे ऐकलं आणि मला पाठीला तेल लावायला सांगितलं.

कोणतं लोखंड घ्यायचं, ते मला रद्दीच्या दुकानात सापडलं. एका विलायती मासिकाचं फाटकं पान होतं. त्यावर लोखंडी चौकटीत उभा एक गोरा माणूस, खांद्यावर आडवा दांडा, दांड्याच्या दोन्ही टोकांना चाकं. चौकटीचे खांब सरळ उभे आणि त्यांवर वरपासून खालपर्यंत एका ओळीत गोल भोकं. खालचा मजकूर फाटून गेला होता. त्या चौकटीत उभं राहून खांद्यावर वजन घेऊन बैठका मारायच्या, आणि बाकावर उताणं पडून छातीवरून वजन वर ढकलायचं, एवढं चित्रावरून कळत होतं. छाती वाढवायला याहून नेमकं काय असणार? मी ते पान पुठ्ठ्यावर चिकटवून भिंतीला टांगलं.

त्या भोकांचा अर्थ मात्र मला कळला नाही, आणि न कळलेलं कबूल करायची मला सवय नव्हती. मी मनाशी ठरवलं की ती नक्षी आहे. श्रीमंत देशात लोखंडालासुद्धा नटवतात. आमच्या तालमीत नक्षी नको.

लोखंडासाठी अकोला. तिथल्या जिनिंग-प्रेसिंगच्या कारखान्यांतलं मोडकं सामान भंगारात येत असे आणि अमरावतीपेक्षा तिथं निवडायला भरपूर मिळे. मी आणि माझा मित्र दोघंच एस्टीनं गेलो. भंगारवाले एक म्हातारे मुसलमान होते. सगळा बाजार त्यांना चाचा म्हणत असे. आम्ही काय हवं ते सांगितल्यावर त्यांनी आम्हां दोघांना खालपासून वरपर्यंत पाहिलं.

"पैलवान कौन हाये दोघातला?" त्यांनी विचारलं.

"अजून कोणी नाही," मी म्हणालो. "व्हायचं आहे."

"मंग ठीक हाये. पैलवानाले माल विकाले मले भेव लागते. घासाघीस करता करता हात दाबते."

त्या दिवसांत नवी किलोची वजनं आली होती आणि जुनी शेर-मणाची वजनं कायद्यानं बाद झाली होती. चाचांच्या दुकानामागं त्या जुन्या लोखंडी वजनांचा ढीग पडला होता. मणाची, अधमणाची, वर कडी असलेली. मला ती पाहताच भाषण सुचलं. शोषणाची मापं आता शोषितांच्या हातात, असं काहीतरी. मी म्हणालो, हीच घेऊ, दांड्याला कडीनं अडकवू.

चाचांनी एक वजन उचलून कडीनं दांड्यात ओवलं आणि दांडा मित्राच्या हातात दिला. वजन झोका खाऊन त्याच्या गुडघ्यावर आपटलं.

"पाह्यलं?" चाचा म्हणाले. "बेईमान चीज हाये. पूर्वीही झुलत होती, आताही झुलते. चाकं घे तू."

मग त्यांनी यंत्रांचे पट्टे ज्यांवरून फिरतात ती बिडाची चाकं दाखवली. त्यांच्या मधोमध भोक असतं, दांडा आरपार जातो, झुलत नाही. पण दिसायला सारखी दोन चाकं वजनाला सारखी असतीलच असं नाही. आम्ही प्रत्येक जोडी काट्यावर घातली, एका पारड्यात हे आणि दुसऱ्यात ते. एकीकडं झुकलं की बाजूला. बाद झालेल्या मणाच्या वजनांना तिथं काही काम नव्हतं, चाक चाकालाच तोलत होतं. दुपार उलटेपर्यंत चार जोड्या जमल्या. दांड्याचंही तसंच. सहा फुटी पोलादी दांडे पाच-सहा होते आणि मला सगळे सरळ दिसत होते. चाचांनी एकेक दांडा जमिनीवर घरंगळत सोडला. जो वाकडा होता तो लडखडत गेला. एकच अगदी शांतपणे, पाण्यावरून जावा तसा गेला. तो घेतला. उभ्या खांबांसाठी जाड अँगल घेतले. बाकापुरते पैसे उरले नाहीत.

एस्टीचा कंडक्टर टपावर माल चढवायला तयार नव्हता. "तोफ घेऊन चालले काय बे?" त्यानं विचारलं.

"तालमीचं सामान हाये भाऊ," मित्र म्हणाला. "पोलिसात जाऊन राह्यलो. उद्या तुह्याच गाडीत फुकट बसीन."

"बसशीन त खरं, आंधी भरती त हो," म्हणत कंडक्टरनं दोरी खाली टाकली. परतीच्या वाटेभर मित्र खिडकीतून बाहेर पाहत होता. मूर्तिजापूर मागं पडल्यावर तो एकदाच बोलला. "चाक चाकाले तोलते, हे मले लय आवडलं."

चौकट जोडायला मी एकटा वेल्डिंगवाल्याकडं गेलो. छापखान्याला सुटी होती आणि मित्राच्या सायकल-दुकानाला नव्हती. वेल्डिंगवाल्यानं पुठ्ठ्यावरचं चित्र पाहिलं. "भोकं नाई पाडाची?"

"नाही. ती नक्षी आहे. आपल्याला साधं हवं."

"पाह्य बरं. पाडली असती त..."

"साधं हवं," मी म्हणालो, आणि साधेपणाबद्दल आणखी दोन वाक्यं ऐकवली. त्यानं खांदे उडवले. दांडा ठेवायचे आकडे किती उंचीवर जोडायचे, असं त्यानं विचारलं. मी खांबाला टेकून उभा राहिलो. त्यानं माझ्या खांद्याच्या रेषेवर खडूनं खूण केली आणि आकडे पक्के डागून टाकले. मी बऱ्यापैकी उंच आहे.

चौकट उभी राहिली त्या संध्याकाळी मी भाषण केलं. सातही जण होते, शेजारपाजारची माणसं होती. माय न्हाणीच्या दारात पदर लावून उभी होती. मी म्हणालो, या चौकटीत कोणी लहान नाही, कोणी मोठा नाही. टाळ्या पडल्या. माझा मित्र सर्वांत मागं उभा होता आणि तोही टाळ्या वाजवत होता.

मग रोजचा क्रम सुरू झाला. संध्याकाळी सगळे येत. दर रविवारी शिंप्याच्या फितीनं मी मित्राची छाती मोजायचो. पहिला महिना फीत जागची हलली नाही. दुसऱ्या महिन्यात ती सूतभर सरकली आणि मग हळूहळू सरकतच राहिली. माझा आनंद पोटात मावेना. मी दुसरं पत्रक काढलं आणि त्यात आमच्या चौकटीचं फळ म्हणून त्याच्या छातीचं उदाहरण दिलं. नाव घातलं नाही, पण वस्तीत सर्वांना कळलं. त्यानं ते पत्रक वाचलं, घडी घातली आणि परत माझ्या हातात दिलं.

त्याच सुमारास मायची कुरबूर सुरू झाली होती. न्हाणीतल्या पायठणीची एक वीट रोज संध्याकाळी गायब व्हायची आणि सकाळी चौकटीपाशी सापडायची. "माही ईट कोन नेते रे बाबू रोज? मले पाय ठेवाले जागा नाई राह्यत." मी लक्ष दिलं नाही. विटेकडं मी काय लक्ष देणार?

आणि एके दिवशी सातांतल्या एकानं मला बाजूला घेऊन सांगितलं की माझा मित्र जुन्या तालमीत जातो. रोज पहाटे. त्यानं स्वतः पाहिलं होतं.

माझ्या अंगाची लाही झाली. मी सायकलच्या दुकानात गेलो. तो उकिडवा बसून पाण्याच्या घमेल्यात ट्यूब बुडवत होता, बुडबुडे शोधत होता.

"तू त्यांच्या मारुतीच्या पाया पडतो?" मी विचारलं. गिऱ्हाईक उभं होतं, त्याचंही भान ठेवलं नाही.

"नाई."

"मग ते तुला येऊ कसे देतात?"

त्यानं ट्यूब पुसली. "चार वाजता जातो. कोनी याच्या आंधी. मांगच्या दारानं. हौदा मीच खोदतो, पानी मीच मारतो. वस्ताद म्हने, उजाडाच्या आत निंगून जाय, कोनाले दिसू नोको."

मी गप्प राहायला हवं होतं. मी म्हणालो, "यापेक्षा पुढच्या दारानं जाऊन पाया पडला असता तर बरं होतं."

त्यानं वर पाहिलं. इतक्या वर्षांत तो माझ्यावर कधी चिडला नव्हता. "पाया मी नाई पडत," तो म्हणाला. "अन् थे तुह्या पत्रकापाई नाई. बावीस प्रतिज्ञा मी सोता घेतल्या, माह्या तोंडानं. तू आपला पत्रक काढून मोकळा झाला. मले छाती पायजे. तुह्या चौकटीत माहे पाय टेकत नाई, मालूम हाये तुले?"

मला समजलंच नाही.

"आकडे तुह्या खांद्याले हायेत. मी चवड्यावर उभा रायतो तरी दांडा निंगत नाई. तुह्या मायची ईट घेतो पायाखाली. एवढं वजन खांद्यावर घेऊन इटीवरून मांगं कसं उतराचं? तीन महिने मी निस्ता दांडा उचलून राह्यलो तुह्या इथी. बाकीचे दोघं-तिघंही तसेच. छाती वाढली थे तिकडच्या दंडानं."

"मग सांगितलं का नाहीस मला?"

"कवा सांगू?" तो म्हणाला. "तू आयकाले थांबतं कुठी? तू त बोलतच रायतं."

गिऱ्हाईक हसलं. मी निघून आलो.

त्या संध्याकाळी मी चौकटीपुढं उभा होतो. सर्वांना जागा असेल असं मीच छापलं होतं, आणि वेल्डिंगवाल्यापुढं उभं राहताना 'सर्व' म्हणजे मी. ज्या अपमानातून त्याला बाहेर काढल्याचा मला गर्व होता, त्याहून खालच्या अपमानात माझ्या आकड्यांच्या उंचीनं त्याला परत ढकललं होतं. पूर्वी तो निदान दिवसाउजेडी, पुढच्या दारानं तालमीत जात होता. मागच्या दाराला वस्ताद जबाबदार होते, यात शंका नाही. पण त्या दारापर्यंत त्याला नेऊन सोडणारा मी होतो.

बाबा कामावरून आले होते. मी त्यांना सगळं सांगितलं. त्यांनी चौकटीत जाऊन आपला खांदा आकड्याला लावून पाहिला. तो चार बोटं खाली आला.

"आमच्यात बल्लीवर वजन न्याचं असलं," ते म्हणाले, "त मुकादम आंधी खांद्याले खांदा लावून जोड्या पाडते. उंच मानसासंगं बुटका नाई लावत. कावून? सारं वजन बुटक्यावर उतरते. उंच्याले वाटते, काय हलकं हाये लेकाचं!"

मग त्यांची नजर भिंतीवरच्या चित्राकडं गेली. बाबांना वाचता येत नव्हतं, म्हणून ते चित्र वाचत. ते बराच वेळ वाचत राहिले.

"मास्तर, हे भोकं कायचे?"

"नक्षी आहे ती."

"नक्षी?" त्यांनी बोट ठेवलं. "हे पाह्य, ह्या भोकात आकड्याची खुटी घुसली हाये. म्हंजे आकडा निंगते. वरच्या भोकात घाला, खालच्या भोकात घाला. जसा मानूस तसा. अन् हे पाह्य खाली, कमरेपाशी, दोन आडवे गज. हे कायले असन?"

मला ते गज आजवर दिसलेच नव्हते. पान चार महिने माझ्या डोळ्यांपुढं टांगलेलं होतं.

"वजन हातातून सुटलं त याच्यावर पडन," बाबा म्हणाले. "मानूस मरनार नाई. शायना हाये हा गोरा. ठेवाची जागा आंधी करा लागते, उचलाचं मंग. आमच्या बाजारात लहान पोट्ट्यालेही समजते हे."

दुसऱ्या दिवशी मी वेल्डिंगवाल्याकडं गेलो आणि त्याला म्हणालो, तुमचं त्या दिवशीचं वाक्य अर्धं राहिलं होतं, ते पुरं करा. त्यानं आधी मला मनसोक्त शिव्या दिल्या. मग आकडे कापून काढले. भोकं पाडायला मित्र स्वतः आला, दुकानातून रजा काढून. हातानं फिरवायच्या ड्रिलनं दोघं आळीपाळीनं दोन दिवस भोकं पाडत होतो. एका खांबावरचं भोक दुसऱ्या खांबावरच्या भोकाच्या बरोबर समोर यायला हवं, नाहीतर दांडा तिरपा राहतो. तो खूण करायचा, मी ड्रिल धरायचो. त्याच्या खांद्याच्या उंचीचं भोक सापडलं तेव्हा त्यानं आकडा घातला, दांडा ठेवला, दोन्ही बाजूंना चाकं चढवली, आणि दोन्ही पाय जमिनीवर पुरते टेकवून दांडा सहज उचलून मागं आला. "हां," तो म्हणाला. एवढंच.

भरतीला पाच आठवडे उरले होते. मी त्याला म्हणालो, आता तिकडं जायची गरज नाही.

"भरतीपर्यंत दोनी," तो म्हणाला.

"मागच्या दारानं?"

"व्हय. दार मांगचंच हाये, पन माती तेच हाये."

मी तोवर मागच्या दारावर पत्रक लिहून ठेवलं होतं. आजवर लिहिलेल्यांत सर्वांत जळजळीत. खिळे जुळवून फर्मा बांधून तयार होता, फक्त शाई लावायची. मी त्याला मजकूर वाचून दाखवला. त्यानं शेवटपर्यंत ऐकलं.

"हे भरतीच्या आंधी नोको छापू," तो म्हणाला. "वस्ताद दार बंद करन. माहा इंच जाईन."

अन्याय दिसला की त्याच दिवशी बोलावं, उद्यावर टाकलेलं सत्य शिळं होतं, असं मी स्वतः कितीदा लिहिलं होतं. त्या पाच आठवड्यांत मी छापखान्यात जायचो, त्या फर्म्याशेजारी बसून लग्नपत्रिका जुळवायचो, आणि तो तिथं तसाच पडून असायचा. अजूनही मला नक्की सांगता येत नाही की मी बरोबर केलं की भ्यालो. एवढं खरं की इंच माझा नव्हता, तेव्हा त्याच्यावर जुगार खेळण्याचा हक्कही माझा नव्हता.

भरतीच्या दिवशी मी पोलीस मैदानाच्या कुंपणाबाहेर उभा होतो. उघड्या अंगाची पोरं थंडीत रांगेनं कुडकुडत होती. फीत हातात घेतलेला हवालदार प्रत्येकाला एकच शब्द म्हणत होता, "फुगव." माझ्या मित्राची पाळी आली. त्यानं श्वास घेतला, आणि कुंपणाबाहेर मीही घेतला. हवालदारानं फीत पाहिली, पुन्हा लावली, पुन्हा पाहिली. मग त्याच्या पाठीवर थाप मारून त्याला पलीकडच्या रांगेत ढकललं.

तो बाहेर आला तेव्हा सदरा अजून हातातच होता. विचारायचं माझ्या जिभेवर होतं की इंच कुणाचा, चौकटीचा की मातीचा. मी ते गिळलं.

"आता छाप," तो म्हणाला. "माह्या नावानं छाप."

"नाव घालू?"

"घाल. अन् आकड्याचंही लिव. निस्तं त्याहीचंच नोको लिवू."

मी फर्मा सोडला आणि पहिल्यापासून जुळवला. सुरुवात आता मागच्या दारापासून करता येईना. आधी मला लिहावं लागलं की सर्वांसाठी म्हणून उभारलेल्या चौकटीत मी फक्त माझ्या खांद्याची जागा ठेवली होती, आणि त्यामुळं एका माणसाला चार वाजता अंधारात जावं लागलं. त्यानंतर ते दार. लिहायला तीन दिवस गेले. एरवी मला अर्धा दिवस पुरे.

पत्रक वाटून झाल्यावर एक प्रत घेऊन मी तालमीत गेलो. संध्याकाळची वेळ होती, आखाडा भरलेला होता. पुढच्या दारानं गेलो. वस्ताद बाकावर बसले होते. माझी आधीची पत्रकं ते न वाचता फाडत, हे मला ठाऊक होतं. हे त्यांनी हातात घेतलं आणि डोळ्यांपासून लांब धरून वाचायला लागले. अर्ध्यावर थांबले.

"हे तू सोताबद्दल लिवलं?"

"हो."

त्यांनी पुढचं वाचलं, दाराचं. त्यांचा चेहरा आक्रसला. मातीतली पोरं थांबून आमच्याकडं पाहत होती.

"वस्ताद," मी म्हणालो, "मागच्या दारानं तो तुम्हाला चालत होता. मग पुढच्या दारानं का नाही?"

त्यांनी पत्रक गुडघ्यावर ठेवलं. माझ्याकडं बोलायला पुष्कळ होतं. मी बोललो नाही. तिथंच उभा राहिलो, ते काय म्हणतात ते ऐकायला.